इनबाईचा कॉकाटील

भंडाऱ्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जीवनचं पक्ष्यांचं आणि रंगीत माशांचं दुकान आहे. तिथं पक्षी घ्यायला जाणं म्हणजे सोयरीक जुळवायला जाण्यासारखंच. गिऱ्हाईक आत आलं की जीवन त्याला आधी स्टुलावर बसवतो आणि उलटतपासणी सुरू करतो. घरी दिवसभर कोण असतं, गलका सहन होतो का, राग आला तर तो किती वेळ टिकतो, गावाला जाणं-येणं किती. हिरवा राघू मागणाऱ्याला तो दारातूनच परत पाठवतो, कारण रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यात बसत नाही आणि वनखात्याचा झमेला त्याला नको असतो. बाकीच्यांना बजी, लव्हबर्ड, कॉकाटील, ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. एका तापट ठेकेदाराला त्यानं पक्षी द्यायचं साफ नाकारलं आणि मासे दिले. तो ठेकेदार आता रोज संध्याकाळी काचेसमोर गुपचूप बसतो, असं त्याची बायको सांगते.

जीवनची आई पार्वताबाई करडीला राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. धानाच्या बांध्या गावातल्या डोमाला बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, कसायला दिलेल्या आणि घरात ती एकटी. लेकाची ही ख्याती तिनं गावभर पसरवली होती. माझा पोरगा माणूस पाहून पाखरू देते, असं ती किराणा घेतानाही सांगायची आणि दळण टाकतानाही. त्याच लेकानं आपल्याकडे पाहून कोणतं पाखरू दिलं, हे कळेपर्यंत तिचं हे कौतुक चालू होतं.

झालं असं की मागच्या दिवाळीला जीवननं तिला बजीची जोडी आणून दिली. एक निळा, एक पोपटी. चिमणीपेक्षा थोडे मोठे, दिवसभर चिवचिव. दाणा टाकला, पाणी बदललं की काम संपलं. दोघं एकमेकांच्या चोचीत चोच घालून बसायचे आणि पार्वताबाईकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. पोरानं आठवणीनं आणले, यातच ती खूष होती.

मग एक दिवस सुनेचा फोन आला. भावना पवनीची पोरगी, भंडाऱ्यात एका पतसंस्थेत नोकरीला, मनानं साधी आणि तोंडानं त्याहून साधी. बोलता बोलता सांगून गेली की यांनी आमच्या मम्मीलाही दिवाळीला पक्षी दिला, पण कॉकाटील. डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली, खांद्यावर बसून शीळ घालतो. मम्मी मायाळू आहे ना, तिला अंगाखांद्यावर खेळणारा पक्षी लागतो असं म्हणाले. तुमच्यासाठी बजी बरे, बजीला माणूस लागत नाही.

पार्वताबाईनं बरं म्हणून फोन ठेवला आणि पिंजऱ्यासमोर जाऊन बसली. बजीला माणूस लागत नाही. म्हणजे पवनीची बाई मायाळू, आणि आपण कोण? दाणा टाकून बाजूला होणारी? ज्या पोराला अंगावर पाजलं, तापात मांडीवर घेऊन बसलो, त्यानं आपल्याला स्टुलावर बसवून पाहिलं आणि ठरवलं की हिला काही अंगावर खेळणारं द्यायची गरज नाही. हा हिशेब तिच्या पोटात जाऊन बसला आणि तिथून काही हलेना. त्या दिवसापासून बजीची चिवचिव तिला टोचायला लागली. जीवनचा फोन आला की ती विचारायची, तुझी सासू बरी हाय ना, तिचं पाखरू बरं हाय ना. जीवन हो म्हणायचा. त्याला त्यात काही खोच आहे असं वाटलंच नाही, आणि त्यामुळे ती आणखी जळायची.

जीवन-भावनाच्या मुलीचा, गुड्डीचा, जन्म पवनीला झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे बारसंही तिथंच. पार्वताबाई चांदीचे वाळे आणि झबली घेऊन मुलाची आई म्हणून थाटात पोचली. नात कापसाच्या वातीसारखी गोरी आणि हलकी होती. तिनं तिला मांडीवर घेतलं, टाळूला नाक लावून वास घेतला आणि क्षणभर सगळं विसरली. पण तेवढ्यात भावनाची आई निर्मलाबाई आली, आणि तिच्या खांद्यावर तो होता.

तो म्हणजे राजा. राखाडी अंग, पिवळं डोकं, तुरा असा की आत्ताच कंगवा फिरवलाय. निर्मलाबाई वाकली की तो तिच्या पाठीवर चालत जायचा, सरळ झाली की परत खांद्यावर. मध्येच मान खाली घालायचा, म्हणजे खाजव. तिनं खाजवलं की डोळे मिटायचा. बारशाला जमलेल्या बायका पाळणा सोडून त्याच्याभोवती. निर्मलाबाई स्वयंपाकघरात जाताना त्याला पिंजऱ्यात ठेवायला गेली तर त्यानं असा काही आकांत मांडला की पाळण्यातली पोर दचकली. शेवटी तिनं त्याला खांद्यावर घेऊनच घुगऱ्या वाटल्या.

"काय सांगू इनबाई, मले न्हाणीतबी जाऊ देत नाही हा," ती म्हणाली. "दिवाळीपासून म्या नदीवर पाय नाही ठेवला. बहिणीच्या घरचं लगीन होतं, तेबी सुटलं."

इनबाई म्हणजे विहीण. निर्मलाबाईच्या तोंडून तो शब्द नेहमी लोण्यासारखा यायचा, आणि पार्वताबाईच्या कानात मिरचीसारखा उतरायचा. ही तक्रार नाही, ही मिरवणूक आहे, असं तिनं ठरवून टाकलं. ज्या बाईला कोणी न्हाणीतही जाऊ देत नाही तिच्यासारखी नशीबवान बाई कोण? आपण चार दिवस गावाला गेलो तरी बजींना पत्ता लागत नाही.

आता या दोन्ही घरांत एक जुनी रीत होती. मुलीच्या सासूनं मुलीच्या माहेरी एखाद्या वस्तूचं दोनदा कौतुक केलं, की ती वस्तू निघताना तिच्या हातात ठेवायची. एकदा केलेलं कौतुक नुसतं कौतुक. दुसऱ्यांदा केलं की मागणी. पार्वताबाईनं जीवनच्या लग्नापासून ही रीत कधी वापरली नव्हती. निर्मलाबाईकडची पितळी परात तिला फार आवडायची, तरी ती एकदाच बोलून गप्प बसली होती. तेवढी लाज तिला होती.

जेवताना ती म्हणाली, पाखरू मोठं गोड हाय. निर्मलाबाई हसली. मग दुपारी ओटी भरून झाली, निघायची वेळ झाली, श्यामराव म्हणजे निर्मलाबाईचे यजमान रिक्षा बोलवायला गेले, आणि पार्वताबाई उंबऱ्यात थांबून पुन्हा म्हणाली, "खरंच इनबाई, असं गोड पाखरू म्या कुठंच नाही पाहिलं."

निर्मलाबाईचा हात आपोआप खांद्यावर गेला. भावना आईकडे पाहत होती आणि जीवन आपल्या आईकडे. मग निर्मलाबाई आत गेली, पिंजरा आणला, राजाला बोटावर घेऊन आत ठेवलं आणि वरून आपली ओढणीसारखी मऊ जुनी साडी टाकली. तिचे डोळे भरले होते. "घेऊन जा इनबाई. तुमचंच हाय," ती म्हणाली.

ते भरलेले डोळे पार्वताबाईनं मनसोक्त पाहून घेतले. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. पण आपण मागून नेतो असं दिसू नये म्हणून तिनं तिथंच सांगून टाकलं की माझी बजीची जोडी तुमच्याकडे पाठवून देईन, रिकामं घर नको. फिट्टंफाट झाली, असं तिला वाटलं.

रिक्षात पिंजरा ठेवता ठेवता जीवन हळूच म्हणाला, "माय, हे तू काय केलं?"

"काहून? तुझ्या सासूले माया हाय, अन् मी दगड हाय का?"

जीवननं तोंड उघडलं, दारात उभ्या भावनाकडे पाहिलं आणि मिटलं. पुढच्याच आठवड्यात तो करडीला येऊन बजी घेऊन गेला.

राजानं करडीत पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं. दाणा उधळला, पार्वताबाईच्या अंगठ्याला रक्त येईस्तोवर चावला, तुरा आडवा पाडून फुसफुसला आणि मग कोपऱ्यात तोंड करून बसला. निर्मलाबाई रोज फोन करायची, राजा जेवला का. पार्वताबाई सांगायची की मस्त हाय, तुमची आठवणबी काढत नाही. आणि फोन ठेवून पिंजऱ्यापुढे बसायची आणि त्याला विनवायची. तिनं त्याचं नाव सोन्या ठेवलं. तो सोन्याला ओ देईना. राजा म्हटलं की मात्र मान वळवायचा आणि दाराकडे पाहायचा, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण पार्वताबाईही हट्टाची. तिनं डोमाच्या बायकोकडे जाणं सोडलं, देवळातलं भजन सोडलं, दिवसभर त्याच्याशी बोलत राहिली. कांगणीचं, म्हणजे राळ्याचं, कणीस हातात धरून हात दुखेपर्यंत बसायची. आणि एका सकाळी त्यानं तिच्यासमोर मान खाली घातली. खाजव. तिनं बोटानं खाजवलं. त्यानं डोळे मिटले. पार्वताबाई तिथंच जमिनीवर बसून रडली. तिला वाटलं, आता कोणी म्हणून दाखवावं की हिला माया नाही.

तिनं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि भावनाला पाठवला, खाली लिहिलं, मम्मीला दाखव. मग रोजच पाठवायला लागली. सोन्या खांद्यावर, सोन्या कानातल्या बाळीशी खेळताना, सोन्या ताटातला भात खाताना. निर्मलाबाईकडून उत्तर यायचं, हात जोडलेले. एवढंच. पार्वताबाई ते हात पुन्हा पुन्हा पाहायची आणि मनातल्या मनात विचारायची, आता कसं वाटते इनबाई?

भावनाची रजा संपत आली तेव्हा जीवनचा फोन आला. गुड्डीजवळ कोणीतरी पाहिजे. माय, तू ये, इथंच राहा. हा फोन येणार हे पार्वताबाईला ठाऊक होतं. बारशापासून ती त्याचीच वाट पाहत होती. नातीला न्हाऊ घालणं, तेल लावणं, पायावर घेऊन झुलवणं, तिनं सगळं मनात करून ठेवलं होतं. गुड्डीचा पहिला शब्द कोण ऐकणार, तिला पहिलं पाऊल कोण टाकायला लावणार, हे आता ठरणार होतं. तिनं हो म्हणून टाकलं, नवीन लुगडी काढली आणि शेवटी म्हणाली, सोन्याले घेऊन येते.

तिथं गाडी अडली. गुड्डीची छाती घरघरायची. डॉक्टरांनी ताकीद दिली होती की घरात पक्षी नको, पिसांची भुकटी नको. कॉकाटीलच्या अंगातून तर पांढरी भुकटी सारखी गळते. पार्वताबाईचं काळं पोलकं खांद्यावर नेहमी पिठाळलेलं असायचं. जीवन स्वतः दुकानातून आला की अंघोळ करून, कपडे बदलूनच पोरीला उचलायचा. तो म्हणाला, पाखरू दुकानात ठेवू, तू घरी राहा.

तसं करून पाहिलं. पार्वताबाई भंडाऱ्याला गेली, सोन्याला दुकानात ठेवलं आणि अंघोळ करून नातीला मांडीवर घेतलं. रात्रभर ती पोरीच्या श्वासाकडे आणि मनातून त्या पिंजऱ्याकडे कान लावून होती. दुसऱ्या दिवशी जीवन घरी आला तो उतरल्या चेहऱ्यानं. पाखरानं दाण्याला तोंड लावलं नव्हतं आणि छातीवरची पिसं स्वतःच उपटायला सुरुवात केली होती. तिसऱ्या दिवशी तर त्याची कातडी दिसायला लागली. पार्वताबाई त्याला घेऊन करडीला परत आली. खांद्यावर येताच तो जेवला.

डोमाच्या बायकोला विचारून पाहिलं. तिनं पिंजऱ्यात हात घातला आणि बोट चोखत बाहेर आली. मग पार्वताबाईनं जे कधी केलं नसतं ते केलं. तिनं पवनीला फोन लावला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली की तुमचा राजा तुमची फार आठवण काढते, त्याले परत पाठवू का. मनात तिनं सगळं मांडून ठेवलं होतं. राजा पवनीला गेला की निर्मलाबाई परत त्या घराला बांधली जाईल, आणि आपण भंडाऱ्याला.

तिकडून तोच लोण्यासारखा आवाज आला.

"मुलीच्या सासरी दिलेली वस्तू परत कशी घेऊ इनबाई? लोक मले काय म्हणतीन?"

रीत ती रीत. आठवडा संपायच्या आत निर्मलाबाई बॅग घेऊन भंडाऱ्याला राहायला गेली. बजींचा पिंजरा श्यामरावांच्या भांड्यांच्या दुकानात टांगला गेला. ते सकाळी शटर उघडताना दाणा टाकतात, आणि गिऱ्हाइकांची पोरं त्यांना पाहत बसतात. बजीला माणूस लागत नाही.

आता संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. पडद्यावर गुड्डी असायची आणि गुड्डीच्या मागे निर्मलाबाईचा हात. पोरगी त्या हाताकडे वळून वळून हसायची. पार्वताबाई जीभ काढायची, टाळ्या वाजवायची, गुड्डी ए गुड्डी म्हणून घसा कोरडा करायची. पोर थोडं पाहायची आणि पुन्हा त्या हाताकडे. निर्मलाबाई म्हणायची, बघ बघ, आजी बोलावते. त्या बोलण्यात किती गोडवा होता आणि किती विजय, हे पार्वताबाई नंतर झोपेपर्यंत तोलत राहायची. त्या दिवशी उंबऱ्यात भरून आलेले डोळे दुःखाचे होते की सुटकेचे, हेही आता तिला ठरवता येईना.

एके दिवशी गुड्डी पडद्याकडे पाहून खळखळून हसली. पहिल्यांदाच, थेट तिच्याकडे पाहून. पार्वताबाईचा जीव हरखला, ती पडद्यावर वाकली आणि म्हणाली, माझी सोनी ती. खांद्यावरच्या पाखराचा तुरा सपाट झाला. त्यानं एक किंकाळी फोडली, झेप घेऊन मोबाइलवर उतरला आणि गुड्डीच्या चेहऱ्यावर चोची मारायला लागला. तिकडे पोरगी घाबरून रडायला लागली. निर्मलाबाईनं तिला उचलून छातीशी धरलं आणि फोन बंद झाला.

पार्वताबाईनं हात उगारला. पाखरू हललं नाही. काळ्या पडद्यावर उभं राहून छाती फुगवून तिच्याकडे पाहत होतं, आणि त्या रागात काय आहे हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इतके महिने ती तेच करत होती. हात खाली आला.

थोड्या वेळानं जीवनचा फोन आला. गुड्डी झोपली होती. पार्वताबाई म्हणाली, तुझ्या सासूचं नशीब मोठं. तेव्हा मात्र तो पहिल्यांदा चिडला.

"नशीब नाही माय, तू तिले दिलं. म्या तुले बजी काहून दिले होते? दाणा टाकला का झालं, डोमाची बायकोबी सांभाळते. भावनाले दिवस गेले होते, मले तू इथं पायजे होती. तू मोकळी राहाले पायजे होती. अन् तिच्या मम्मीले असं पाखरू दिलं का तिले घर सोडताच नाही आलं पायजे. हे भावनाले कसं सांगू? म्हणून म्हटलं, मायाळू हाय."

लेक तिच्या बाजूनं होता, पहिल्यापासून. त्यानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि तिनं ती दोनदा कौतुक करून विहिणीच्या हातात ठेवली. तिला स्वतःच्या तोंडावर मारून घ्यावंसं वाटलं.

जीवनचा आवाज मऊ झाला. तो म्हणाला की अजून काही बिघडलं नाही. साकोलीला एक बाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या, शांत स्वभावाच्या, कुठं जाणं-येणं नाही. त्या कॉकाटीलच शोधत आहेत. मी त्यांना भेटलो, बोललो. त्या स्वतः करडीला येतील, तुझ्यासमोर त्याला माणसाळवतील, मगच नेतील. मग तू इकडे ये. भावनाच्या मम्मीला मी समजावतो, तिलाही घर आहे, श्यामराव कंटाळले आहेत. गुड्डी तुझ्याजवळ राहील.

सगळं सरळ होतं. हो म्हटलं की झालं. पार्वताबाईनं हो म्हणायला तोंड उघडलं.

"त्या बाईसंगं राहीन का ते?" तिनं विचारलं.

"राहीन ना. स्वभाव जमते. पंधरा दिवस, लय झालं तर महिना."

"महिन्यात मले विसरन?"

"पाखरूच हाय माय. विसरते."

पाखरू मोबाइलवरून उतरून तिच्या दंडावर चढलं, खांद्यावर आलं आणि मान खाली घालून थांबलं. पार्वताबाईनं बोट लावलं. त्यानं डोळे मिटले. त्या साकोलीच्या बाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण तिचा खांदा आत्ता तिला स्वच्छ दिसत होता, आणि त्या खांद्यावर काय बसलं आहे तेही.

"ते बाई दिसाले कशी हाय?" तिनं विचारलं.

"माय, त्याचं काय करतं? पाठवू का तिले उद्या?"

तिकडे गुड्डी उठली असावी. निर्मलाबाई अंगाई म्हणत होती, आणि फोनमधून ती पुसट ऐकू येत होती. पार्वताबाई ती पुरी होईपर्यंत ऐकत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "नको पाठवू."